तटस्थ देश महायुद्धात का ओढला जातो? 1917 च्या अमेरिकेवरून कारणं शोधण्याची रीत

"अमेरिका पहिल्या महायुद्धात का उतरली?" या प्रश्नाला बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच उत्तर असतं: जर्मनीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं म्हणून. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. लुसिटानिया बुडाली 7 मे 1915 ला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, युद्धाची परवानगी मागितली 2 एप्रिल 1917 ला. मधे जवळपास 23 महिने गेले, आणि त्याच काळात विल्सन "त्यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं" या प्रचारावर निवडणूकही जिंकले. म्हणजे त्या जहाजाने राग पेटवला हे खरं, पण युद्धाचा निर्णय दुसरीकडे शोधायला हवा.

शोधायची रीत अशी. वहीचं पान आडवं धरा आणि ऑगस्ट 1914 ते एप्रिल 1917 अशा 33 महिन्यांच्या 33 ओळी आखा. उभे रकाने चार: समुद्र आणि कायदा, व्यापार आणि कर्ज, देशातलं राजकारण, आणि युद्ध करणाऱ्या देशांचे स्वतःचे निर्णय. चौथा रकाना हमखास राहून जातो, कारण आपण तटस्थ देशाच्याच राजधानीकडे बघत बसतो. इथे खरी किल्ली त्याच रकान्यात आहे. प्रत्येक नोंदीला दिवस आणि महिना लिहा. नुसतं वर्ष लिहिलं की आधी काय आणि नंतर काय, हे कळेनासं होतं.

पहिल्या रकान्यात दोन्ही बाजूंचे गुन्हे लिहा. ब्रिटनने नोव्हेंबर 1914 मध्ये उत्तर समुद्र लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर केला, तटस्थांची जहाजं अडवली, माल उतरवून घेतला. जर्मनीने 4 फेब्रुवारी 1915 ला ब्रिटिश बेटांभोवतीचं पाणी युद्धक्षेत्र ठरवलं. कायदा दोघांनीही वाकवला. पण अडवलेल्या मालाची भरपाई नंतर मागता येते. गेलेल्या जिवांची, पुढे लुसिटानियावर गेलेल्या 128 अमेरिकनांसारख्यांची, येत नाही. म्हणून 10 फेब्रुवारी 1915 ला विल्सन यांनी जर्मनीला बजावलं की अमेरिकन जीव आणि जहाजांच्या हानीला तुम्हाला पूर्ण जबाबदार धरलं जाईल. या नोंदीखाली लाल रेघ मारा. त्या दिवसापासून अमेरिकेने स्वतःचा हात स्वतःच बांधून घेतला: जर्मनीने ती रेषा उघडपणे ओलांडली, तर मागे हटायला सन्मानाची वाट उरणार नव्हती. परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना हा धोका दिसला होता. लुसिटानियाबद्दल जर्मनीला पाठवायच्या दुसऱ्या खलित्यावर सही करायच्या ऐवजी जून 1915 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

दुसऱ्या रकान्यात घसरायला फार सोपं आहे. अमेरिकेची दोस्त राष्ट्रांना (ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांच्या साथीदारांना) होणारी निर्यात 1914 मधल्या सुमारे 82.5 कोटी डॉलरवरून 1916 मध्ये 300 कोटींच्या पुढे गेली, ऑक्टोबर 1915 मध्ये 50 कोटी डॉलरचं ब्रिटिश-फ्रेंच कर्जही उभं राहिलं. यावरून "सावकारांनी देशाला युद्धात ढकललं" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण नोव्हेंबर 1916 च्या शेवटी फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, बँकांना विनातारण परदेशी कर्जांपासून सावध राहायला सांगितलं, आणि त्याला विल्सन यांचा पाठिंबा होता. पैसे वाचवायला युद्धात उडी मारू पाहणारं सरकार असं करत नाही. पैशाचं वजन खरं पडलं ते बर्लिनमध्ये. तिथला हिशेब असा: तटस्थ राहूनही अमेरिका ब्रिटनला धान्य, दारूगोळा आणि कर्ज देतेच आहे, शत्रू झाली तर आणखी काय करील?

आता चौथा रकाना. जर्मन नौदलप्रमुख होल्त्सेनडॉर्फ यांचं 22 डिसेंबर 1916 चं टिपण सांगत होतं की पाणबुड्यांनी दरमहा 6 लाख टन जहाजं बुडवली, तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिकेचं सैन्य युरोपात पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असेल. 9 जानेवारी 1917 ला प्लेस इथल्या बैठकीत जर्मन सम्राट कैसरने याला मान्यता दिली आणि 1 फेब्रुवारीपासून अनिर्बंध पाणबुडी युद्ध, म्हणजे तटस्थांचीही जहाजं इशारा न देता बुडवणं, सुरू झालं. अमेरिका उतरेल हे जर्मनीने गृहीत धरूनच हा डाव टाकला होता.

झिमरमन तारेचा, म्हणजे जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनी मेक्सिकोतल्या आपल्या राजदूतासाठी पाठवलेल्या गुप्त तारेचा, मजकूर नीट वाचा, कारण इथे सर्रास चूक होते. 16 जानेवारीच्या या तारेत मेक्सिकोला "लगेच हल्ला करा" असं सांगितलेलं नाही. आधी 1 फेब्रुवारीच्या पाणबुडी युद्धाची बातमी आहे, मग अमेरिकेला तटस्थ ठेवण्याचा प्रयत्न करू असं वाक्य, आणि ते जमलं नाही तरच युती आणि टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवण्याची गोष्ट. म्हणजे तार ही 9 जानेवारीच्या निर्णयाची शेपटी आहे. 1 मार्चला ती वृत्तपत्रांत आली आणि तिने अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतलं युद्धविरोधी मत पुष्कळसं हलवलं; तिची नोंद तिसऱ्या रकान्यात करा. त्यानंतर 18 मार्चला तीन अमेरिकन जहाजं बुडाल्याची बातमी आली आणि 20 मार्चला सगळं मंत्रिमंडळ युद्धाच्या बाजूने उभं राहिलं.

कारण सापडलं असं वाटलं की ते दुसऱ्या देशावर लावून बघा. "जहाजं बुडाली म्हणून युद्ध" हे नॉर्वेला लावा. नॉर्वेने जवळपास निम्मा व्यापारी ताफा आणि सुमारे 2000 खलाशी गमावले, तरी तो तटस्थ राहिला. त्याने विल्सनसारखी जाहीर रेषा आखली नव्हती, आणि युद्धाचा भार पेलण्याची ताकदही त्याच्याकडे नव्हती. "तटस्थतेचा भंग झाला म्हणून युद्ध" हे गोव्याला लावा. दुसऱ्या महायुद्धात, 9 मार्च 1943 ला, ब्रिटिशांच्या बाजूने आलेल्या तुकडीने मुरगाव बंदरात एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर हल्ला चढवला. पोर्तुगालच्या तटस्थ पाण्यात एवढं होऊनही पोर्तुगाल युद्धात उतरला नाही.

"लोकशाहीसाठी युद्ध" हे विल्सन यांच्या भाषणातलं कारणही असंच तपासा. भाषणाआधी काहीच दिवस रशियातला झार गेला होता, त्यामुळे हे म्हणणं सोपं झालं होतं. पण अमेरिकेने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं ते थेट 7 डिसेंबर 1917 ला, आणि तुर्कस्तान व बल्गेरियाविरुद्ध कधीच नाही. तिथेही सुलतान आणि राजेच होते. 250 शब्दांचं उत्तर लिहायचं असेल तर या कारणाला एक वाक्य पुरे. निम्मी जागा 10 फेब्रुवारी 1915 ची रेषा आणि 9 जानेवारी 1917 चा निर्णय यांना द्या.