आईजवळच माणसाळतात बदकाची पिल्लं

पिल्लं माणसाळलेली हवीत म्हणून अंड्यातून निघाल्या निघाल्या ती उचलायची आणि खोक्यात बल्बखाली वाढवायची, असं हल्ली बरेच जण करतात. पिल्लं माणसाळतात खरी, पण आईला मुकतात, आणि त्याची काहीच गरज नसते. कुडाळकडे आमच्या घरामागे माडांच्या आळ्यांत बदकं फिरतात. त्यांची पिल्लं आईच्या पंखाखालीच वाढतात आणि तरी हातावरचं खातात. सगळं आईवर असतं. ती बिथरली की पिल्लं पांगतात, ती निवांत राहिली की मांडीवर चढतात.

म्हणून सुरुवात पिल्लांपासून नाही, बदकिणीपासून करायची. खाकी कॅम्पबेल जातीची बदकीण भरपूर अंडी देते, पण ती क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर बसते. पिल्लं आईबरोबर वाढवायची असतील तर देशी किंवा मस्कोव्ही बदकीण हवी. देशी बदकाची अंडी साधारण २८ दिवसांत फुटतात, मस्कोव्हीची ३५ दिवसांत. हे दिवस ओळख वाढवायला पुरेसे आहेत.

बसलेली बदकीण स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते आणि उठताना त्यांनीच अंडी झाकते. त्या घरट्यात हात घालू नका. ती फुत्कारेल, पिसं फुलवून मान जमिनीलगत सपाट करेल. ती तसं करते आहे म्हणजे तुम्ही फार जवळ गेला आहात, एवढंच समजा आणि मागे सरका. दिवसातून एकदोनदा ती खायला-प्यायला, डुंबायला उठते. नेमकी तीच वेळ तुमची. जमिनीवर बसा, तिच्याकडे टक लावून बघू नका, पसरट ताटलीत भिजवलेली कणी किंवा गहू ठेवा. रोज तीच ताटली, रोज तीच हाक. मी ताटलीवर बोटांनी टकटक करते आणि ‘ये ये ये’ म्हणते. दोनचार दिवसांनी दाणे तळहातावर घ्यायचे. ती आधी मान लांब करून एक दाणा उचलते, मागे जाते, परत येते. ती ओल्या पोटाने परत घरट्यात जाते, तो ओलावा अंड्यांना लागतो, म्हणून पाणी जवळच ठेवा.

अंड्याला पहिला टवका उडाला की पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. कवच सोलायला जाऊ नका. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त असतं, बलक पोटात पूर्ण ओढला गेलेला नसतो. पिल्लं अंड्यातूनच चिवचिवतात आणि आई हळू, घोगऱ्या आवाजात उत्तर देते. तो आवाज ती बाहेर येण्याआधीच ओळखू लागतात. बाहेर आल्यावर पहिल्या दिवसात जे हलतं-बोलतं दिसेल त्याच्यामागे ती लागतात. कॉनराड लॉरेन्झ यांना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यात त्यांनी हंसांच्या पिल्लांमध्ये दाखवलेली हीच गोष्ट होती. त्या दिवशी पिल्लू माणसाच्या मागे लागलं, तर पुढे माणूस नजरेआड झाला की ओरडत राहतं. तो दिवस आईला द्या. बलकावर पिल्लाचं पहिल्या दिवशी भागतं, खाऊ घालायची घाई नाही.

आई पिल्लं घेऊन उतरली की नेहमीच्या जागी बसा. पहिले दोनतीन दिवस फक्त बसायचं. आई हातावरचं खाते, ते बघून पिल्लं जवळ येतात. मग तळहात जमिनीला टेकवून त्यावर ओलसर स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, ठेवा. इवल्या चोची भराभर चाळवत ती खातात, हाताला गुदगुल्या होतात, पण हात हलवायचा नाही. वरून झडप घालून कधीही पकडू नका. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्यांना घार वाटते, आणि एक पिल्लू किंचाळलं की आई अंगावर धावून येते. उचलायचंच झालं तर खालून, दोन्ही तळहातांच्या ओंजळीत, आईच्या डोळ्यांसमोर. पहिल्या दोन आठवड्यांत हे झालं तर सोपं जातं, नंतर पिल्लं नव्या गोष्टींना भिऊ लागतात.

खाण्यात दोन गोष्टी जिवावरच्या. एक, बुरशी. बदकाच्या पिल्लांना बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष फार लवकर बाधतं. पावसाळ्यात कोंदट वास आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड फेकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका. दोन, नायसिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा यांना ते जास्त लागतं. कमी पडलं की पाय वाकडे होतात, पिल्लू लंगडतं. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळा किंवा पशुवैद्यकाला विचारून पाण्यातून द्या. कोरडं पीठ घशात चिकटतं, म्हणून खाताना पाणी शेजारी हवंच, नाकपुड्या बुडतील इतकं खोल.

आईबरोबर पिल्लं लवकर पोहू शकतात, कारण तिच्या पिसांचं तेल त्यांच्या अंगाला लागतं. बल्बखालची पिल्लं मात्र भिजून गारठतात. टाक्याला उतरती फळी नसेल तर पिल्लं दमून बुडतात. हे विसरू नका.

दिवसा कावळे, घारी आणि मुंगूस, रात्री साप आणि घूस. आमच्याकडे वर मच्छीमारांचं जुनं जाळं ताणलेलं आहे आणि खुराड्याला अर्ध्या इंचाची तारेची जाळी आहे. षटकोनी जाळीतून साप सहज आत येतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पेंढा टाका, ओला झाला की बदला. नर बदक पिल्लांना टोचत असेल तर त्याला वेगळा काढा. दुसऱ्या बदकिणीची पिल्लं आईच्या पिल्लांत मिसळू नका, ती त्यांना मारू शकते.

सातआठ आठवड्यांत पिसं भरतात आणि आई हळूहळू त्यांच्यापासून सुटी होते. तेव्हा ताटलीची टकटक चालू ठेवा, बाकी काही लागत नाही. डक प्लेगच्या लशीचं वेळापत्रक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा. आणि कुणी एकच पिल्लू मागायला आलं तर देऊ नका, दोन तरी द्या. बदक एकटं राहत नाही.