नव्या सर्व्हरवर प्लगिन चालेनात? डिलीट करण्याआधी हे करा

वर्डप्रेसची साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे नेली आणि प्लगिन (साइटला जास्तीच्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) बिघडले, की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: प्लगिन डिलीट करा आणि पुन्हा टाका. हा सल्ला घातक आहे. डॅशबोर्डमधून प्लगिन डिलीट केला की तो जाताना स्वतःची साफसफाई करतो, आणि बरेच प्लगिन त्यात डेटाबेसमधली आपली सेटिंग्ज आणि टेबलंही पुसून टाकतात. गणपतीच्या तोंडावर एखाद्या मंडळाच्या साइटवरचा देणगीचा फॉर्म असा पुन्हा ‘टाकला’, तर फॉर्म येईल कोरा आणि वर्षभराच्या नोंदी जातील.

कालपर्यंत जुन्या सर्व्हरवर हाच प्लगिन नीट चालत होता. त्याच्या कोडमधली एक ओळही बदललेली नाही. बदललं आहे ते त्याच्या आजूबाजूचं: वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची आवृत्ती, तिची एक्स्टेन्शन्स (जोडभाग), फाइलींचा मालक, फोल्डरचा रस्ता, डेटाबेस. यातलं नेमकं काय आडवं आलंय ते शोधायचं, एवढंच काम आहे.

पूर्ण बॅकअप आहे आणि सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत पोचायला एफटीपी किंवा एसएसएच हाताशी आहे, हे मी धरून चालतो. जुनं होस्टिंग मात्र निदान महिनाभर बंद करू नका. चार पैसे वाचवायला लोक ते त्याच दिवशी सोडतात, आणि खाली सांगतोय त्या सगळ्यात अवघड दुरुस्तीसाठी तेच लागतं.

लॉग चालू करा

डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग ट्रू करा, डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स ठेवा. बिघडलेलं पान एकदा उघडा आणि डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधली डीबग डॉट लॉग ही फाइल वाचा. त्यातली वेळ यूटीसी असते, म्हणजे साडेपाच तास मिळवायचे. ‘डेप्रिकेटेड’ आणि ‘वॉर्निंग’च्या शेकडो ओळी दिसतील, त्यांना घाबरू नका. साइट पाडते ती ‘फेटल एरर’. त्या ओळीत फाइलचा पूर्ण रस्ता असतो. त्यात ‘प्लगिन्स’च्या पुढे ज्या फोल्डरचं नाव आहे, तिथून तपास सुरू करायचा.

२०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून अशी चूक झाली की वर्डप्रेस अ‍ॅडमिनला रिकव्हरी मोडची लिंक मेलने पाठवतं. नव्या सर्व्हरवर मेलच लागलेला नसतो बहुतेक वेळा, त्यामुळे त्या लिंकची वाट पाहत बसू नका. सरळ एफटीपीने त्या एका प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. प्लगिन बंद पडतो, पण त्याचा डेटा जागेवर राहतो.

झटपट सुटणाऱ्या गोष्टी

‘क्रिएट_फंक्शन’ किंवा ‘ईच’ हे फंक्शन सापडत नाही असं लॉग म्हणत असेल, तर प्लगिन जुना आहे आणि सर्व्हरवर पीएचपी ८ आहे, ८.० मध्ये ही दोन्ही काढून टाकली. प्लगिन अपडेट करा. निदान पटकन व्हावं म्हणून पॅनेलमधून थोडा वेळ ७.४ लावून पाहायला हरकत नाही, पण ७.४ चा सुरक्षा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला आहे, तिथे मुक्काम करू नका.

‘१३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ म्हणजे १२८ एमबीची मेमरी संपली. २५६ करा.

‘एमबी_’ने सुरू होणारं फंक्शन, ‘इमॅजिक’ किंवा ‘सोपक्लायंट’ सापडत नसेल, तर पीएचपीचं ते एक्स्टेन्शन बसवलेलं नाही. होस्टिंगवाल्याला एक मेल, काम संपलं.

फाइल वाचता-लिहिता येत नसेल, तर परवानग्या तपासा: फोल्डरला ७५५, फाइलला ६४४, आणि फाइलींचा मालक तोच ज्याच्या नावाने पीएचपी चालतं. ७७७ (म्हणजे कोणालाही लिहायची मुभा) लावून पाहा असं कोणी सांगितलं तर त्या माणसाचा पुढचा सल्लाही ऐकू नका.

सगळे प्लगिन बंद केले तरी एरर जात नाही

इथे बरेच जण चक्रावतात. प्लगिन्स फोल्डरचं नाव बदललं की सगळे बंद झाले असं आपण समजतो, पण डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये थेट बसलेल्या काही फाइली त्याला जुमानत नाहीत: अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश, ऑब्जेक्ट-कॅश, डीबी, आणि एमयू-प्लगिन्सचं (आपोआप चालणाऱ्या सक्तीच्या प्लगिनचं) फोल्डर. कॅशच्या, म्हणजे साइट वेगवान व्हावी म्हणून तयार प्रती ठेवणाऱ्या, प्लगिनने लिहिलेल्या फाइलीत जुन्या सर्व्हरचा रस्ता कोरलेला असू शकतो. ऑब्जेक्ट-कॅश फाइल बऱ्याचदा रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा प्रोग्रॅम) शोधते, आणि नव्या सर्व्हरवर रेडिस असेलच असं नाही. या कॅशच्या फाइली बाजूला काढा, कॅशचा प्लगिन मागाहून नव्याने चालू करा, तो त्या परत लिहितो.

वर्डफेन्स हा सुरक्षेचा प्लगिन वापरत असाल तर मूळ फोल्डरमधली डॉट-यूझर-आयएनआय फाइल उघडून बघा. त्यात फायरवॉलच्या फाइलचा पूर्ण जुना रस्ता असतो. तो सापडला नाही की वर्डप्रेस सुरू होण्याआधीच पीएचपी कोलमडतं आणि डीबग लॉगमध्ये काहीही उमटत नाही. रस्ता दुरुस्त करा, पीएचपी ती फाइल पुन्हा वाचेपर्यंत पाचेक मिनिटं थांबा.

खरी अडचण: एरर नाही, पण सेटिंग्ज गायब

आता ज्या टप्प्याने मला सर्वांत जास्त दमवलं तो. साइट उघडते, प्लगिन चालू दिसतो, लॉग स्वच्छ. पण स्लायडर रिकामा, विजेट नाहीत, सेटिंग्जचं पान पहिल्या दिवसासारखं कोरं. परळच्या एका केटररच्या साइटवर मेनूचा प्लगिन ‘एकही पदार्थ नाही’ म्हणत होता, आणि डेटाबेस उघडला तर सगळे पदार्थ भावासकट तिथेच होते.

असं होतं, कारण वर्डप्रेस आणि प्लगिन आपली सेटिंग्ज बऱ्याचदा सीरियलाइझ करून ठेवतात. प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. उदाहरणार्थ:

एस:३१:"उकडीचे मोदक"

३१ हा आकडा अक्षरांचा नाही, बाइट्सचा आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट्स घेतं. इथे दहा चिन्हं आणि एक मोकळी जागा, म्हणून ३१. पावतीवर ३१ नग लिहिलेत आणि पोत्यात ३० निघाले की गोदामवाला अख्खा माल परत पाठवतो. पीएचपी तेच करतं, एक बाइट चुकला की सेटिंग्जचा पूर्ण गठ्ठा नाकारतं. आणि वर्डप्रेस ही तक्रार स्वतःच दाबून टाकतं, म्हणून लॉगमध्ये काही येत नाही.

हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो.

एक, एसक्यूएल फाइल (डेटाबेसची एक्स्पोर्ट केलेली प्रत) नोटपॅडमध्ये उघडून जुना पत्ता नव्याने बदलला की. नुसतं एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं तरी प्रत्येक पत्ता एका बाइटने वाढतो आणि आधीचा आकडा तसाच राहतो. पत्ता बदलायला डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञा वापरा. ती गठ्ठा उलगडते, बदल करते, लांबी पुन्हा मोजून बांधते. आधी ‘ड्राय-रन’ लावून किती जागी बदल होणार ते पाहा, आणि जीयूआयडीचा (लेखाच्या कायमच्या ओळखीचा) कॉलम वगळा. एसएसएच नसेल तर ‘बेटर सर्च रिप्लेस’ हा प्लगिन तेच काम करतो. पत्त्यानंतर जुन्या सर्व्हरच्या फोल्डरच्या रस्त्यासाठीही एक फेरी मारा, तो लोक विसरतात. पानं रचायचा एलिमेंटर हा प्लगिन असेल तर त्याच्या टूल्समधला ‘रिप्लेस यूआरएल’ वेगळा चालवा, कारण त्याच्या डेटात पत्त्यातल्या तिरप्या रेघा वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या असतात आणि साध्या शोधात सापडत नाहीत.

दोन, आणि हे इंग्रजी साइट हलवणाऱ्यांना कळत नाही म्हणून त्यांच्या सल्ल्यात नसतं: कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये कशी लिहायची याची पद्धत. जुन्या मराठी साइटींची टेबलं अनेकदा ‘लॅटिन१’ (रोमन लिपीचा सेट) अशी नोंदलेली असतात, पण आत बाइट्स यूटीएफ-८ चे असतात. जुन्या सर्व्हरवर दोन्ही बाजूंनी एकच चूक असल्यामुळे मराठी बरोबर दिसते. नेहमीच्या पद्धतीने एक्स्पोर्ट केलं की प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा बदलला जातो. तीन बाइट्सचे सहा-सात होतात, आकडा मात्र ३१च. इंग्रजी अक्षर दोन्हीकडे एकच बाइट असतं, म्हणून इंग्रजी साइट यातून सहीसलामत निघते आणि आपली मोडते.

ओळखायचं कसं? जुन्या सर्व्हरवरच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस दाखवणारं साधन) लेखांचं टेबल उघडा. साइटवर मराठी नीट, पण इथे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतंय, तर हाच रोग. मग मायएसक्यूएलडंप ही डेटाबेस एक्स्पोर्ट करायची आज्ञा जुन्या सर्व्हरवर ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ला लॅटिन१ देऊन आणि ‘स्किप-सेट-चारसेट’ लावून चालवा, म्हणजे बाइट्स जसेच्या तसे बाहेर येतील. त्या फाइलमध्ये टेबल बनवण्याच्या ओळींत लॅटिन१च्या जागी यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) करा, आणि नव्या सर्व्हरवर यूटीएफ८एमबी४ देऊनच इम्पोर्ट करा. नव्या डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डीबी_चारसेट तेच असू द्या. पत्ता बदलण्याची पायरी त्यानंतर.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर त्या प्रतीतून काहीच परत मिळणार नाही. ती टाकून द्या, जुन्या सर्व्हरवरून पुन्हा एक्स्पोर्ट करा.

या सगळ्यात एक पथ्य कडक पाळा: सेटिंग्जचं पान कोरं दिसत असताना ‘सेव्ह’ दाबू नका. तोवर मोडलेली का होईना, माहिती डेटाबेसमध्ये आहे. सेव्ह दाबलंत की तिच्यावर कोरी सेटिंग्ज लिहिली जातात. हे ऑफिसमधल्या प्रत्येकाला सांगा, ग्राहकालाही.

उरलेलं

होमपेज उघडतं, आतली पानं ४०४ (पान सापडलं नाही) देतात: सेटिंग्जमधली पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) एकदा सेव्ह करा. सर्व्हर एनजिनएक्सचा असेल तर तो एचटीअ‍ॅक्सेस (अपाची सर्व्हरची नियमांची फाइल) वाचत नाही, त्याचे नियम त्याच्याच कॉन्फिगमध्ये लिहावे लागतात.

फॉर्मचे मेल जात नाहीत: फॉर्मच्या प्लगिनला दोष देऊ नका. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडसह बऱ्याच ठिकाणी मेल पाठवायचं पोर्ट २५ मुळातच बंद असतं. मेल सेवेचं एसएमटीपी (लॉगिन करून मेल पाठवायची सोय) लावा, पोर्ट ५८७.

पेमेंट किंवा एसएमएसचा प्लगिन गप्प: समोरच्या गेटवेकडे तुमचा जुना आयपी नोंदलेला आहे का पाहा, नवा कळवा. मग खरी रक्कम भरून एक ऑर्डर स्वतः करा आणि तिची पावती मेलवर येते का ते बघा.

शेवटी डीबगच्या तिन्ही ओळी पूर्ववत करा आणि डीबग डॉट लॉग फाइल उडवा. बऱ्याच सर्व्हरवर ती ब्राउझरमधून कोणालाही उघडता येते, आणि तिच्यात तुमच्या सर्व्हरचे सगळे रस्ते लिहिलेले असतात.