आयपीसीसीचं नाव घेताना या चुका टाळा

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून आपल्याकडं कृषी प्रदर्शन असो नाहीतर कीर्तन, क्लायमेट चेंजचा विषय निघतोच, आणि निघाला की मागोमाग "अडीच हजार शास्त्रज्ञ सांगायलेत" हे येतंच. मीबी पोरांच्या प्रोजेक्टमध्ये हेच बिनधास्त लिहून दिलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

तर हा 2500 चा आकडा आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावर अहवाल काढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, 2007 मधल्या चौथ्या अहवालाचा, आणि तो होता मसुदा वाचून शेरे देणाऱ्यांचा. मुख्य लेखक 450 च्या वर, थोडाथोडा मजकूर देणारे 800 च्या वर, ते वेगळे. शेरे देणारा म्हणजे काय, तर आपलं काम-शिक्षण फॉर्मवर आपणच लिहायचं आन् नाव नोंदवायचं. त्यामुळं कुणी "मी आयपीसीसीचा एक्स्पर्ट रिव्ह्यूअर" म्हणत स्टेजवर आला तर लगेच फेटा बांधू नका, लेखकांच्या यादीत नाव हाय का ते आधी बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सगळ्यांना हवामानवाले समजणं. मग समोरचा एक दिवस यादी काढून दाखवतो, "यात तर अर्थशास्त्रवाले भरलेत, यांना पावसातलं काय कळतंय!" आणि आपली बोलती बंद. अहो, त्यांना पावसासाठी घेतलेलंच नाही. बोअरची मोटार जळाली की तुम्ही वायंडिंगवाल्याकडं नेता, तो भूगर्भशास्त्र शिकला नाही म्हणून भांडता का? इथं कामाचे तीन गट असतात. पहिला हवा, समुद्र, बर्फ यांचं विज्ञान बघतो, दुसरा पीक-पाणी, आरोग्य, शहरं यांचं काय होणार ते, आणि तिसरा उत्सर्जन कमी कसं करायचं ते, म्हणजे वीज, वाहतूक, कायदा, पैसा सगळं आलं. सहाव्या अहवालात या गटांचे लेखक अनुक्रमे 234, 270 आणि 278. दुसऱ्या गटातल्या पाण्याच्या प्रकरणाच्या प्रमुखांपैकी एक अदिती मुखर्जी, त्या भूगोलाच्या, भूजलावर काम केलेल्या. आता आपल्या विहिरींसाठी याहून जवळचं माणूस कोण पाहिजे?

म्हणून आकडा सांगताना गट आणि प्रकरण दोन्ही सांगा. नाहीतर हिमालयासारखं होतंय. 2007 लाच दुसऱ्या गटाच्या आशियाच्या प्रकरणात "2035 पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होऊ शकतात" असं घुसलं, ते एका पर्यावरण संस्थेच्या रिपोर्टमधून उचललेलं होतं, बर्फाचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या गटानं तसं म्हटलेलंच नव्हतं, आणि जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीला चूक कबूल करावी लागली. पण त्या एका वाक्यावरून अख्खा अहवाल कचऱ्यात टाकणारेबी चुकतातच बरका.

"आयपीसीसीनं संशोधन केलं" हेही लिहू नका, ते छापून आलेलं संशोधन वाचून तोलतात, आणि लेखकांना त्याचा पगार नसतो.

भाषांतर करताना "लाइकली" चं "नक्की" करू नका. त्यांच्या हिशोबात लाइकली म्हणजे किमान 66 टक्के शक्यता आणि व्हेरी लाइकली म्हणजे किमान 90.

आणि "आयपीसीसीनं बीड जिल्ह्याला इशारा दिला" असा फॉरवर्ड आला तर तिथंच थांबा. त्यांच्या नकाशात आपला मराठवाडा दक्षिण आशिया नावाच्या एका मोठ्या तुकड्यात बसतोय, तालुक्याचं विचारायचं असलं तर परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा.