एक्सेलमध्ये तारीख आपल्याला हवी तशी कशी दाखवावी

गेल्या गळीत हंगामात भावाच्या उसाच्या वजनपावत्या मी एक्सेलमध्ये भरल्या. ५/१२/२०२४ म्हणजे ५ डिसेंबरची तोड. तारखेप्रमाणे क्रम लावला तर ती पावती थेट वर, १२ मे २०२४ला जाऊन बसली. आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात मे महिन्यात कोण ऊस तोडतो? म्हणून चूक लक्षात आली. पिग्मीच्या किंवा भिशीच्या हिशेबात ती कळलीही नसती.

झाले असे, की संगणक अमेरिकन पद्धतीवर होता. तो आधी महिना वाचतो, मग दिवस. डिसेंबरच्या १ ते १२ तारखांच्या पावत्या गुपचूप उलटल्या, फक्त १२/१२ तेवढी बरोबर राहिली. १३/१२पासून पुढे तेरावा महिनाच नसल्याने एक्सेलने त्या नोंदी साधा मजकूर म्हणून ठेवल्या. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख आपोआप सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. एकाच रकान्यात दोन्ही दिसले, की आधी तिथेच थांबा.

पहिले काम संगणकाचे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन उघडा आणि रीजनल फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) करा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. हे नोंदी भरण्याआधीच करावे, कारण उलटलेल्या तारखा यामुळे सुलट होत नाहीत.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एक्सेल तारीख साठवतच नाही, आकडा साठवते. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून पुढे रोज एक वाढतो. ५ डिसेंबर २०२४चा आकडा ४५६३१, तर १२ मे २०२४चा ४५४२४. फॉरमॅट बदलला तरी आतला आकडा तोच राहतो. शंका आली की सेलला जनरल फॉरमॅट देऊन तो आकडा बघा.

मजकूर झालेल्या तारखांसाठी रकाना निवडा, डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स घ्या, दोनदा नेक्स्ट दाबा, तिसऱ्या पायरीवर डेट निवडून शेजारी डीएमवाय ठेवा आणि फिनिश करा. उलटलेल्यांसाठी शेजारच्या रकान्यात डेट फंक्शन वापरा: आधी वर्ष, मग महिन्याच्या जागी जुन्या सेलचा डे आणि दिवसाच्या जागी मंथ. सूत्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे, जुना सेल A2 असेल तर असे: =DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)). मात्र ते फक्त उलटलेल्या ओळींनाच लावा, सरसकट ओढलेत तर बरोबर असलेल्याही बिघडतील.

आता दिसण्याकडे येऊ. सेल निवडून कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये कस्टम घ्या. डी म्हणजे दिवस, एम महिना, वाय वर्ष. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तीच घेऊ. दोन डी, दोन एम, चार वाय, मध्ये आडव्या रेघा: ०१-११-१९५६. एम चारदा लिहिला तर महिन्याचे पूर्ण नाव येते. डी चारदा लिहिला तर वार येतो, इथे गुरुवार. मी वहीत नेहमी महिन्याचे नावच ठेवते, म्हणजे १/११ बघून ११ जानेवारी वाटण्याचा प्रश्नच नाही.

सीमाभागात फार उपयोगी पडते ती लोकेलची यादी. त्याच खिडकीत कस्टमऐवजी डेट निवडलेत की खाली लोकेल दिसते. तिथे मराठी निवडले की महिना मराठीत, कन्नड निवडले की कन्नडमध्ये. संघातल्या बायकांना मराठी तक्ता आणि पंचायतीला कन्नड तक्ता द्यायचा असेल, तर तारीख दोनदा टाइप करू नका. दुसऱ्या रकान्यात बरोबरचे चिन्ह देऊन पहिल्या सेलकडे बोट दाखवा आणि फक्त लोकेल बदला.

वर्ष नेहमी चार आकडी लिहा. नुसते शेवटचे दोन आकडे लिहिले तर शतक कोणते ते एक्सेल स्वतःच ठरवते, त्यामुळे आजी-आजोबांच्या जन्मतारखा भरताना हमखास घोळ होतो.

गूगल शीट्समध्ये रीजनल फॉरमॅटचे काम फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये, लोकेल इंडिया करून होते. आणि सेलभर नुसत्या जाळीच्या खुणा (####) दिसल्या तर बहुतेक वेळा रकाना अरुंद असतो. सर्वांत वर रकान्याचे अक्षर असते, त्या चौकटीच्या उजव्या कडेवर दोनदा क्लिक केले की तारीख दिसते.