ब्लास्टर व्हायचंय? आधी मोजायला शिका

उन्हाळ्यात राजुऱ्याकडचा एक पोरगा भेटायला आला. बारावी झालेली, घरी चार एकर कापूस, शेतात मन नाही. "काका, मला ब्लास्टिंगचं काम शिकवा." मी कपाटातून माझी जुनी वही काढून त्याच्या हातात दिली. तारीख, होल म्हणजे सुरुंगाची भोकं किती, स्फोटक पेटवणारे डिटोनेटर किती घेतले, किती लावले, किती परत केले. पानंच्या पानं तेवढंच. त्यानं आठ-दहा पानं उलटली आणि म्हणाला, "यात धमाका कुठाय?"

धमाका दोन सेकंदांचा असतो, बाकी दिवसभर हीच वही. हे पटत असेल तरच पुढं वाचा.

मी या धंद्यात २००९ साली शिरलो, एका खडी क्रशरच्या खदानीत हेल्पर म्हणून. आता चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीच्या खाणीत ब्लास्टर आहे. मधल्या काळात जे ठेचकाळलो त्यातलं बरंचसं तुम्हाला टाळता येईल.

पहिली गोष्ट कागदाची. नवी पोरं इथंच गोंधळतात. खाणीत सुरुंग उडवायचा तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीएमएसचं, प्रमाणपत्र लागतं. दगड, चुनखडी, मँगनीजच्या खाणींसाठी ब्लास्टरचं. कोळशाची वाट वेगळी. वणी, बल्लारपूरकडच्या पोरांनी मायनिंग सरदारच्या परीक्षेची चौकशी करावी. रस्ता, बोगदा, विहीर अशी खाणीबाहेरची कामं असतील तर शॉटफायररचा, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्याचा, परवाना पेसोकडून घ्यायचा. पेसो म्हणजे स्फोटकांचे परवाने देणारं केंद्र सरकारचं खातं. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणी चालेल असं धरून बसू नका.

डिप्लोमा असेल तर उत्तम. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मायनिंगचा आहे. माझ्याकडे तो नव्हता. मग उरतो अनुभव, आणि अनुभव म्हणजे नुसतं काम केलं असं सांगणं नव्हे. तुमचं नाव खाणीच्या बी फॉर्म रजिस्टरात, म्हणजे कामगारांच्या नोंदवहीत, चढलं पाहिजे. माझी पहिली दीड वर्षं अशीच वाया गेली. क्रशरमालक रोज संध्याकाळी हातावर रोख ठेवायचा आणि मी खूश. परीक्षेचा अर्ज भरायला दाखला मागितला तर म्हणे, "तू कधी होतास इथं?" कागदावर मी नव्हतोच. म्हणून सांगतो, पगार कमी असला तरी चालेल, पण पहिल्या आठवड्यात ऑफिसात जाऊन आपलं नाव रजिस्टरात आहे का ते डोळ्यांनी बघा. पैसे देऊन खोटा दाखला मिळतो असं सांगणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. तोंडी परीक्षेत पाच मिनिटांत उघडं पडता, आणि नाही पडलात तर पुढं खाणीत पडाल, ते जास्त वाईट. अर्जासोबत प्रथमोपचाराचं आणि वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्रही लागतं. ते आधीच करून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

त्या क्रशरवर आणखी एक गोष्ट चालायची, जी मला चूक आहे हेच तेव्हा कळत नव्हतं. सुरुंग लावणाऱ्याला ब्रासवर पैसे. जितका दगड निघेल तितका पैसा. साहजिकच तो भोकात दोन कांड्या जास्त सारायचा आणि वरची भराई कमी करायचा. दगड भरपूर निघायचा आणि रस्त्यापलीकडच्या शेतातही जायचा. पुढं अभ्यास करताना नियमावलीत वाचलं की ज्याची मजुरी निघालेल्या मालावर ठरते, त्याला ब्लास्टर नेमताच येत नाही. नियम लिहिणाऱ्या माणसानं असा क्रशर बघितलेला असणार, याची मला तेव्हा खात्री पटली. आजही कुणी ब्रासवर बोलणी करायला लागला की मी चहा संपवून उठतो.

माझे उस्ताद मँगनीजच्या खाणीतून निवृत्त होऊन आलेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या तरुणपणी खऱ्या जिलेटिनच्या, नायट्रोग्लिसरीनच्या कांड्या होत्या. नुसत्या हाताळल्या तरी डोकं ठणकायचं, सुट्टीनंतर कामावर आलं की जास्तच. २००४ पासून त्या बंद झाल्या, आता इमल्शन आणि स्लरी ही नायट्रोग्लिसरीन नसलेली स्फोटकं आली. पण गावात अजून प्रत्येक कांडीला जिलेटिनच म्हणतात, आणि मामा तर इमल्शनच्या कांडीला हात लावल्यावरही सवयीनं कपाळ चोळायचे.

मामांनी मला पहिले तीन महिने डिटोनेटरला हात लावू दिला नाही. काम काय, तर होल मोजायचे, प्रत्येकाची खोली टेपनं मापायची, पाणी आहे का ते आरसा धरून बघायचं. उन्हात छोटा आरसा तिरपा धरून कवडसा भोकात सोडला की तळाचं पाणी चमकतं. तेव्हा वाटायचं म्हातारा छळतोय. पण पाणी भरलेल्या होलात भलतं स्फोटक गेलं की ते नीट फुटत नाही. ब्लास्टनंतर ढिगावरून नारंगी धूर निघतो. तो विषारी असतो. तसा धूर दिसला की तो विरेपर्यंत मामा कुणाला फेसकडं, म्हणजे जिथं दगड फोडतात त्या कड्याकडं, फिरकू द्यायचे नाहीत, सुपरवायझरलासुद्धा.

आता तो दिवस सांगतो. चुनखडीच्या खाणीत मला स्वतःच्या सहीनं काम करायला लागून पाचेक महिने झाले होते. होल ४८. मॅगझीनमधून, म्हणजे स्फोटकांच्या कोठारातून, डिटोनेटर घेतले ५०. म्हणजे दोन उरायला हवेत. चार्जिंग झालं, वरून ड्रिलच्या चुऱ्याची भराई झाली, डिटोनेटरच्या होलाबाहेर आलेल्या सगळ्या नळ्या जोडायच्या आधी पेटी उघडली तर आत एकच.

ब्लास्टिंगची वेळ दुपारी दोनची. सायरनवाला तयार, चारही वाटांवर लाल झेंडे घेऊन माणसं उभी, डंपर बाजूला काढलेले. मॅनेजर वायरलेसवर विचारतोय, "काय अडलंय?" मी म्हटलं, "एक कमी आहे." तो म्हणाला, "असेल होलात एखादा जास्तीचा, घे उडवून." तो बरोबर होता, हे नंतर कळलं. पण डिटोनेटर बोटाएवढा असतो. खिशात जातो, जेवणाच्या डब्यात जातो. होलात असेल हा अंदाज झाला, आणि रजिस्टरात अंदाजाचा रकाना नाही. ब्लास्ट झाल्यावर तर शोधायला जागाच उरत नाही. मी सगळ्या पोरांना ओळीनं उभं केलं, पेटी, गोण्या, गाडी, सगळं पालथं घातलं. शिव्या खाल्ल्या, माझ्या पोरांच्याही.

मग एकेका होलापाशी गुडघ्यावर बसून चुरा हातानं बाजूला सारत गेलो. एकतिसाव्या होलाच्या तोंडाशी, चुऱ्याच्या चार बोटं खाली, नळीचं तुटकं टोक दिसलं. शेजारी दुसरी शाबूत नळी. भराई करताना टोकदार दगडानं पहिली नळी कापली गेली होती. हेल्परनं घाबरून गुपचूप दुसरा डिटोनेटर कांडीसकट सोडला आणि भराई पुन्हा केली. ओरडा बसेल म्हणून बोलला नाही. ब्लास्ट पावणेचारला झाला. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हेल्परला मी ओरडलो नाही, कारण ओरडण्याच्या भीतीनंच ते घडलं होतं. तेव्हापासून माझ्या टोळीत नियम एकच: खराब झालं तर आधी सांगायचं, कारण नंतर.

मिसफायरबद्दल, म्हणजे न फुटलेल्या सुरुंगाबद्दल, परीक्षेत हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. जुन्या नियमावलीप्रमाणं विजेवर उडवलं असेल तर पाच मिनिटं, नाही तर अर्धा तास कुणीही आत जायचं नाही. ब्लास्टनंतर उरलेल्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. आणि एक्स्प्लोडरची, म्हणजे सुरुंग उडवायच्या यंत्राची, किल्ली कायम ब्लास्टरच्याच अंगावर. मामा ती करदोड्याला बांधायचे. मी गळ्यात घालतो.

१ एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिक डिटोनेटर बंद झाले, आता नव्या पोरांना इलेक्ट्रॉनिक शिकावंच लागेल. त्यात प्रत्येक डिटोनेटरला स्वतःचा नंबर असतो. लॉगर म्हणजे तपासणीचं यंत्र लावलं की तेच सांगतं, अमुक होलाचा डिटोनेटर उत्तर देत नाही. एकतिसाव्या होलाचा घोळ आज झाला असता तर गुडघे सोलवटायची वेळ आली नसती. तरी मी हातानंही मोजतो. पोरं हसतात.

गावाचा विषय कुणी शिकवत नाही, पण तो रोजचा आहे. बाहेरच्या साध्या घरांसाठी कंपनांची मर्यादा ठरलेली असते, कमी वारंवारितेला सेकंदाला ५ मिलिमीटर. कंपनं मोजणारं आमचं यंत्र एकदा दीड मिलिमीटर दाखवत होतं आणि एक काकू मला हाताला धरून घरात घेऊन गेली, मांडणीवरून पडलेला पितळी डबा दाखवायला. यंत्राचा आकडा खरा, पण माणसाला त्याहून कितीतरी कमी हादराही जाणवतो, आणि डबाही खरा. मी कागद पुढं केला नाही. चहा घेतला, पुढच्या ब्लास्टची वेळ सांगून आलो. आता तिचा नातू आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारतो.

पगाराचं विचाराल तर ठेकेदाराकडं आणि कायम नोकरीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक मात्र लक्षात ठेवा, ब्लास्टर हा कायद्यानं लागणारा माणूस आहे. त्याच्या सहीशिवाय काम होत नाही, म्हणून बोलणी करताना फार वाकू नका. काही झालं तर पोलीस आधी त्याच सहीचं नाव विचारतात, म्हणून कोऱ्या कागदावर ती कधी करू नका.

राजुऱ्याच्या पोराचं नाव दिवाळीनंतर बी फॉर्मात चढलं. सध्या दुपारी दोन वाजता तो लाल झेंडा घेऊन पांदणीच्या तोंडाशी उभा असतो, फेसपासून ५०० मीटरवर. तिथून ब्लास्ट दिसत नाही, नुसता ऐकू येतो. किती माणसं आणि बैलगाड्या अडवल्या ते वहीत लिहून आणायला सांगितलंय. परवा त्यानं दोन बकऱ्याही लिहून आणल्या.