अल्सरचा कोर्स चालू करताय? मग हे वाचा

रात्री दोन-तीनला बेंबीच्या वर जळजळून जाग येते आणि दोन बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं, असं होत असेल तर ॲसिडिटी समजून रोज पँटोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) ढकलत बसू नका, लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर, म्हणजे जखम, असू शकतो. डॉक्टरांना विचारून एच. पायलोरी या पोटातल्या जंतूची टेस्ट करा. तिखटाला उगाच शिव्या घालतो आपण, खरे गुन्हेगार बहुतेकदा हा जंतू नाहीतर पेनकिलर. (हेच पटवायला ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शलने 1984 मध्ये हा जंतू चक्क पिऊन दाखवला, 2005 ला नोबेल मिळालं!)

श्वासाच्या किंवा शौचाच्या टेस्टआधी पँटोप्राझोल दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद लागतं, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पण गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

जंतू सापडला तर त्याला मारायच्या औषधांचा कोर्स साधारण 14 दिवसांचा. पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास, चहासोबत नाही. कोर्समधल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने तोंड कडूजहर होतं, मी तर वरणभातही नाक मुरडत खाल्लाय, पण पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलात तर जंतू परत डोकं वर काढतो आणि तेच औषध पुढच्या वेळी चालेलच असं नाही. संपल्यावर चार आठवड्यांनी परत टेस्ट, ही सगळे विसरतात.

डांबरासारखी काळी, चिकट शी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर थेट हॉस्पिटल. बिस्मथच्या गोळीनेही (काहींच्या कोर्समध्ये ही असते) शी काळी होते, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.