वडिलांच्या जुन्या कॅसेटमधला आवाज वाचवायचा कसा?

भजनाचं वेड असलेला माणूस गेला की मागे टाळ, पेटी आणि पत्र्याच्या ट्रंकेत खच्चून भरलेल्या कॅसेट राहतात. टाळ-पेटीची घाई नसते. कॅसेटची असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, धाब्यावरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. त्यातून निघाली की ट्रंक सरळ पावसाळ्याच्या दमटीत. हे काम थंडीत काढलेलं बरं.

आधी निवड

कंपनीच्या छापील कॅसेट बाजूला ठेवा. त्यातली बहुतेक गाणी आज मोबाइलवर मिळतात. वडिलांनी स्वतः भरलेल्या टेप आधी घ्या: गावातला सप्ताह, श्रावणातली कानबाईची अहिराणी गाणी, लग्नातली हळद, रेडिओवरून उतरवलेलं काहीबाही. लेबल नसलेली कॅसेट रांगेत सगळ्यात पुढे, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नसते.

इथे बरेच जण फसतात. कंपनीच्या कॅसेटच्या पाठीच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात. त्या उघड्या असतील तर वर भरता येत नाही. एखाद्या खाचेत कागदाचा बोळा किंवा वर चिकटपट्टी दिसली, तर समजा की घरी कोरी कॅसेट नव्हती आणि त्या गाण्यांवर भजन भरलंय. ती लगेच पहिल्या गठ्ठ्यात टाका. बोळे काढा, कोऱ्या आणून भरलेल्या कॅसेटच्या खाचांवरचे प्लॅस्टिकचे तुकडेही मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

टेप तपासणी

ट्रंकेतून काढलेली कॅसेट एक दिवस घरात राहू द्या. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती चालवू नका, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. एरवी बॉलपेन घालून दोन्ही रिळं थोडी फिरवा. अडकत नसतील तर टेप एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करा, म्हणजे गुंडाळी सारखी होते.

मधोमध टेपच्या मागे छोटी गादी असते. उष्णतेने तिचा डिंक सुकतो आणि ती गळून पडते. मग आवाज गोधडीआडून आल्यासारखा येतो, टाळांची किणकिण तर नाहीशीच होते. टाकाऊ कॅसेटची गादी काढून बसवा. कॅसेटला पाच स्क्रू असले तर सोपं. डकवलेली असेल तर सांध्यात पातळ पातं घालून उघडा आणि रिळं स्क्रूच्या कॅसेटमध्ये हलवा. टेप तुटली असेल तर टोकं तिरपी कापून खास जोडपट्टीनेच जोडा. साधी सेलोटेप लावली तर तिचा चिकटा पुढच्या वेढ्याला लागतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे अर्धा सेंटिमीटर कापला तर सेकंदाचा दहावा भाग जातो. त्यासाठी जीव टांगणीला लावू नका.

यंत्र

यूएसबीवाले स्वस्त छोटे प्लेअर टाळा, त्यांची गती डगमगते. घरातला किंवा नातेवाइकांकडचा चांगला टेपरेकॉर्डर बरा. बहुतेकदा त्याचा रबरी बेल्ट सैल पडलेला किंवा वितळून डांबर झालेला असतो. तो बदलून घ्या. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि बारीक धातूची दांडी पुसा, रबरी चाकावरून हलकाच हात फिरवा. जुन्या टेपची तपकिरी भुकटी सुटते, म्हणून दर तीन-चार कॅसेटनंतर पुन्हा पुसा. पहिली कॅसेट नेहमी टाकाऊ लावा. गुंतायचीच असेल तर ती गुंतू दे.

हेडजवळ स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू असतो. वडिलांनी ज्या यंत्रावर भरलं त्याचं हेड वेगळ्या कोनात असेल, तर तुमच्या यंत्रावर आवाज दबका येतो. कॅसेट चालू ठेवून स्क्रू हळूच, पाव फेऱ्याहून कमी, इकडेतिकडे फिरवा. टाळ सगळ्यात खणखणीत वाजतील तिथे थांबा.

संगणकावर उतरवणं

टेपरेकॉर्डरच्या लाइन आउटमधून वायर घ्या, नसेल तर हेडफोनच्या भोकातून. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ती घालू नका: तिथे बहुधा एकच चॅनल जातो आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड वापरा. घुंईऽ असा आवाज मागे राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. दिवे जाण्याची वेळ माहीत असेल तर ती सोडून बसा, कारण दिवे गेले की टेप हेडला दाबलेलीच अडकते.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ ठेवा. गजर जिथे सगळ्यात टिपेला जातो तो भाग आधी वाजवून पाहा आणि आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका आवाज लावा. साठच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. ती डब्ल्यूएव्हीमध्ये साठवली तर सुमारे ३०० एमबी होते.

भजन जलद किंवा संथ वाटतंय? घरातली पेटी काढा. तीच पेटी त्या रेकॉर्डिंगमध्ये वाजली असेल तर टेपमधला षड्ज तिच्यावर जुळवून पाहा. अर्ध्या स्वराचा, म्हणजे पांढरीवरून लगतच्या काळीइतका फरक निघाला, तर गती सुमारे ६ टक्के चुकली आहे. ती ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच'ने (जुन्या आवृत्तीत 'चेंज स्पीड') दुरुस्त करा. नुसतं 'चेंज पिच' वापरलंत तर सूर जुळेल, पण ठेका चुकीचाच राहील.

खरखर काढायचा मोह आवरा. जास्त काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवरच प्रयोग करा. आणि दोन अभंगांमधलं खोकणं, 'पेटी जरा पुढं घे रे', चहाच्या कपांचा आवाज, हे कापू नका. गाणारा बाप त्यातच जास्त सापडतो.

नावं

कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, हस्ताक्षरासह. मग मंडळातल्या जुन्या माणसांना ऐकवा. मृदंगावर कोण, गाव कोणतं, कुणाच्या घरी, हे त्यांनाच सांगता येतं, आणि ते आहेत तोवरच. फाइलच्या नावात कॅसेटचा क्रमांक, बाजू, गाव आणि साल लिहा. साल अंदाजाचं असेल तर पुढे प्रश्नचिन्ह.

एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पुण्या-नाशकाकडच्या बहिणीकडे. नुसता पेनड्राइव्ह पुरत नाही. कॅसेट फेकू नका: टेप एका टोकाला पूर्ण गुंडाळून, डब्यात उभी, स्पीकरपासून लांब, मधल्या घरातल्या कपाटात. वर्षश्राद्धाला ऐकवायचं असेल तर मोठा स्पीकर आदल्या संध्याकाळीच लावून पाहा. अंगणात टाळ कर्कश लागतात, तेव्हा ट्रेबल थोडा खाली घ्या.